८७ टक्के मते आणि यादीबाहेरची माणसे



आमची थोरली नात यंदा बारावीला आहे. राज्यशास्त्र हा तिचा आवडीचा विषय. परवा रात्री जेवणे आटोपल्यावर वाचनालयातून आणलेले एक जाडजूड पुस्तक घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसली. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांचे राज्यवार आकडे त्यात दिलेले होते. एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, इथं छापताना काही चूक झाली आहे का हो? सगळ्या देशात हा माणूस सपाटून हरला आणि ह्या एका राज्यात त्यालाच शंभरातली सत्त्याऐंशी मतं!"

मी चष्मा लावून पाहिले. साल १९६४, राज्य मिसिसिपी. छपाईची चूक नव्हती, आकडा अगदी बरोबर होता. पण बरोबर आकडासुद्धा माणसाची फसवणूक करू शकतो. त्या रात्री तिला जे सांगितले, तेच आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

आकडा काय सांगतो?

नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन हे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९६४ रोजी निवडणूक झाली. जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे, तर त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर. देशभरात जॉन्सन यांना शंभरातली ६१ मते मिळाली. पन्नासपैकी ४४ राज्ये त्यांच्या बाजूने गेली. गोल्डवॉटर यांच्या वाट्याला फक्त सहा राज्ये आली. एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना आणि बाकीची पाच अगदी दक्षिणेकडची: अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपी.

त्यातही मिसिसिपीने कहर केला. गोल्डवॉटर यांना सुमारे ३ लाख ५६ हजार मते, जॉन्सन यांना जेमतेम ५२ हजार! याच राज्याने १८७६ पासून १९४४ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षालाच कौल दिला होता. १९३६ साली रूझवेल्ट यांना तर तेथे ९७ टक्के मते पडली होती. रिपब्लिकन पक्ष हा गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनचा पक्ष, म्हणून तेथील गोऱ्यांना तो नकोसा होता. मग १९६४ साली असे काय घडले?

घडले ते इतकेच, की २ जुलै १९६४ रोजी जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेल, खानावळ, नाट्यगृह, नोकरी यांत रंगावरून भेदभाव करणे त्या कायद्याने गुन्ह्यासारखेच ठरले. गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये या कायद्याच्या विरोधात मत दिले होते. ते स्वतः वर्णद्वेष्टे म्हणून ओळखले जात नव्हते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबाही दिला होता. खासगी धंद्यात केंद्र सरकारने हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पण मिसिसिपीच्या गोऱ्या मतदाराला त्यांचा घटनात्मक युक्तिवाद ऐकायचाच नव्हता. हा माणूस त्या कायद्याच्या विरोधात आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

आणि तो काय लपवतो?

"म्हणजे तिथली सगळी माणसं तशाच विचारांची होती?" नातीने विचारले.

इथेच तर खरी मेख आहे. १९६० च्या जनगणनेप्रमाणे मिसिसिपीची लोकसंख्या पावणेबावीस लाखांच्या आसपास होती. त्यात शंभरातली बेचाळीस माणसे कृष्णवर्णीय. मतदानाचे वय झालेले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष सुमारे ४ लाख २२ हजार. आणि त्या निवडणुकीत सगळ्या राज्यात मिळून पडलेली एकूण मते किती? सुमारे ४ लाख ९ हजार!

आकडे पुन्हा एकदा वाचा. राज्यात पडलेल्या सगळ्या मतांपेक्षा एकट्या कृष्णवर्णीय प्रौढांची संख्या जास्त होती. पण १९६४ साली त्यांच्यापैकी शंभरात सात जणांचीसुद्धा नावे मतदार यादीत नव्हती. काही काउंटींत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा) कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, तरी यादीत त्यांचे एकही नाव नव्हते. हे सारे लोक मतदान केंद्रावर पोहोचले असते, तर कदाचित आणखी गोरेही घराबाहेर पडले असते, निकाल इकडचा तिकडे झाला असता किंवा नसता. पण ८७ टक्के हा आकडा मात्र कधीच दिसला नसता.

यादीबाहेर कसे ठेवले?

कायद्याने कृष्णवर्णीयांना मताचा हक्क १८७० सालीच मिळाला होता. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. त्या सभागृहात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पण पाच-सहा वर्षांतच बंदुकीच्या धाकाने कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर हाकलले गेले, आणि १८९० साली राज्याची नवी घटना लिहून त्या हाकलण्याला कायद्याचा सदरा चढवला गेला. ही घटना लोकांच्या मताला टाकलीसुद्धा नाही.

तिच्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. काळा-गोरा असा शब्द मतदानाच्या अटींत कोठेच नव्हता. अट एवढीच, की दरवर्षी दोन डॉलरचा पोल टॅक्स भरावा आणि लागोपाठ दोन वर्षांच्या पावत्या दाखवाव्यात. दुसरी अट, राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा. पुढे १९५४ साली वाचणे, लिहिणे आणि अर्थ सांगणे, सगळेच सक्तीचे झाले. कोणते कलम द्यायचे आणि सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी कारकून. तो गोरा. गोऱ्या उमेदवाराला सोपे एका ओळीचे कलम, आणि काळ्या शिक्षकालाही नापास करील असे किचकट कलम त्याच खणात तयार! १८९८ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कलमांच्या शब्दांत भेदभाव दिसत नाही, म्हणून ती न्यायालयाने वैध ठरवली.

१९६२ साली आणखी एक कायदा आला. नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येकाचे नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायचे. वरवर पाहता किती निरुपद्रवी गोष्ट! पण मळ्याचा मालक, घरमालक, उधारी देणारा दुकानदार, सगळे तो पेपर वाचीत. दुसऱ्या दिवशी काम गेलेले असे आणि रात्री घरावर गोळ्या झाडल्या जात. १९५५ साली ब्रुकहेव्हन गावी लामार स्मिथ यांना कोर्टाच्या हिरवळीवर दिवसाढवळ्या गोळी घातली. गुन्हा कोणता? लोकांना मत द्यायला शिकवीत होते. १९६१ साली हर्बर्ट ली या शेतकऱ्याला राज्य विधिमंडळाच्या एका सभासदाने गोळी घातली. त्या खुनाच्या एका साक्षीदारालाही जानेवारी १९६४ मध्ये त्याच्याच दारात संपवले गेले.

फॅनी लू हेमर

या यादीत नाव घालायला गेलेल्या एका बाईची गोष्ट आपल्या घरातल्या लेकी-सुनांनी जरूर ऐकावी. फॅनी लू हेमर. जन्म १९१७ चा. वीस भावंडांतले शेंडेफळ. आई-बाप मळेवाल्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. सहाव्या वर्षापासून ही पोर कापूस वेचू लागली. शाळा अर्धवट सुटली. पोलिओमुळे पाय अधू. मोठेपणी ती सनफ्लॉवर काउंटीतल्या एका मळ्यावर कापसाच्या वेचणीचा हिशेब ठेवू लागली. आपल्याला मत देता येते, ही गोष्टच तिला १९६२ सालापर्यंत माहीत नव्हती. तेव्हा तिचे वय चव्वेचाळीस!

गावच्या चर्चमध्ये तरुण कार्यकर्त्यांची सभा झाली. मतासाठी कोण येणार, असे विचारताच तिने हात वर केला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जण जुन्या बसने इंडियानोला या काउंटीच्या ठिकाणी गेले. कारकुनाने तिला राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाचा अर्थ लिहायला सांगितला. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला कायद्याची ती भाषा कशी कळावी? ती नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जरा जास्तच पिवळा आहे!

ती घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. मालक दारात आला. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाही तर मळा सोड, असे त्याने बजावले. तिने सांगितले, की मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षे जेथे राबली ते घर तिने त्याच रात्री सोडले. दहा दिवसांनी, ती जेथे आसऱ्याला होती त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही ती पुन्हा परीक्षेला गेली आणि जानेवारी १९६३ मध्ये पास झाल्याचे तिला कळले. पण मत द्यायची वेळ आली तेव्हा पोल टॅक्सच्या दोन पावत्या कोठून आणणार?

जून १९६३ मध्ये प्रशिक्षण शिबिरातून परतताना विनोना गावी तिला अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दुसऱ्या दोन काळ्या कैद्यांच्याच हातात चामडी दंडुका देऊन तिला मारायला लावले. मूत्रपिंड आणि डोळा जन्माचे अधू झाले. ती कोठडीत असतानाच जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या नेत्याची त्याच्या घरासमोर हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडले.

दोन खुर्च्यांची भीक

१९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत आले. फ्रीडम समर म्हणून तो उन्हाळा प्रसिद्ध आहे. चाळीसवर शाळा उघडल्या गेल्या. सुमारे १७ हजार कृष्णवर्णीय नोंदणीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यातली नावे घेतली गेली सुमारे १,६०० जणांची. २१ जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे तरुण नाहीसे झाले. एक स्थानिक कृष्णवर्णीय आणि दोघे न्यूयॉर्कचे गोरे. ४४ दिवसांनी एका मातीच्या धरणाखाली त्यांची प्रेते सापडली.

मिसिसिपीचा अधिकृत डेमोक्रॅटिक पक्ष फक्त गोऱ्यांचा होता. म्हणून लोकांनी आपला वेगळा पक्ष काढला, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. त्यांचे ६८ प्रतिनिधी तेथे गेले आणि राज्याचे खरे प्रतिनिधी आम्हीच, असा दावा त्यांनी मांडला. २२ ऑगस्टला समितीपुढे हेमरबाईंनी साक्ष दिली. मळ्यातून हाकलणे, गोळ्या, तुरुंगातली मारहाण, सारे काही त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. मत मागितले म्हणून हे घडते, तोच हा स्वतंत्र माणसांचा देश का, असा त्यांचा सवाल होता. दूरदर्शनवर सारा देश ते पाहत होता. अध्यक्ष जॉन्सन यांना दक्षिणेची मते जाण्याची धास्ती. त्यांनी मध्येच घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळवले. पण रात्रीच्या बातम्यांत तीच साक्ष पुन्हा दाखवली गेली आणि आणखी लोकांनी ती ऐकली.

मग तडजोड पुढे आली. दोन जागा देतो, त्यांवर कोण बसणार हेही आम्हीच ठरवतो, बाकीच्यांनी पाहुणे म्हणून बसावे. मोठमोठे पुढारी म्हणाले, घ्या, हीही मोठी गोष्ट आहे. हेमरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साफ नकार दिला. एवढ्या लांबून दोन खुर्च्यांसाठी आम्ही आलो नाही, असे त्यांनी सुनावले.

आता पुढची गंमत पाहा. ज्या गोऱ्या प्रतिनिधींना सांभाळण्यासाठी एवढी खटपट केली, त्यांच्यापैकी बहुतेक जण पक्षनिष्ठेची शपथ नको म्हणून अधिवेशनातून उठून गेले. नोव्हेंबरात त्यांच्या राज्याने जॉन्सनना शंभरात तेरा मते दिली. आणि ज्यांना दोन खुर्च्यांवर वाटेला लावले, त्यांनी मात्र जॉन्सन यांचाच प्रचार केला. खऱ्या यादीत नाव नाही, म्हणून त्यांनी चर्चमध्ये, दुकानांत, अंगणांत स्वतःच्या मतपेट्या ठेवल्या आणि स्वतःची निवडणूक घेतली. साठ हजारांहून अधिक लोकांनी तेथे मत दिले. सरकारच्या दृष्टीने त्या मतांची किंमत शून्य! पण ह्या लोकांना राजकारणात रसच नाही, हे गोऱ्यांचे पालुपद त्या साठ हजार चिठ्ठ्यांनी कायमचे खोटे पाडले.

न दिलेल्या मतांची साक्ष

नातीने विचारले, "म्हणजे शेवटी त्या ८७ टक्क्यांचंच चाललं?"

नाही. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. त्यातली कसोटी फार मार्मिक होती. १ नोव्हेंबर १९६४ रोजी ज्या राज्यात वाचन-लेखनाची वगैरे परीक्षा चालू होती, आणि जेथे मतदानाच्या वयाच्या निम्म्याहून कमी लोकांची नोंद होती किंवा निम्म्याहून कमी लोकांनी १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मत दिले, तेथे त्या परीक्षा बंद! तुम्ही मत कोणाला दिले, हे कायद्याने विचारलेच नाही. किती जणांनी दिले, एवढेच विचारले. मिसिसिपीत तिघांतल्या जेमतेम एकाने मत दिले होते. गोल्डवॉटर यांनी जिंकलेली दक्षिणेतली पाचही राज्ये या कसोटीत सापडली. ज्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मत देऊ दिले नाही, तीच निवडणूक त्यांच्या बाजूची साक्षीदार ठरली!

केंद्राचे नोंदणी अधिकारी गावोगाव पोहोचले. १९६७ पर्यंत मिसिसिपीतील शंभरातल्या साठेक कृष्णवर्णीय प्रौढांची नावे यादीत आली. किंमत मात्र पुढेही मोजावी लागली. शेजाऱ्यांचा पोल टॅक्स आपल्या दुकानात जमा करून घेणारे व्हर्नन डाहमर यांचे घर जानेवारी १९६६ मध्ये पेटवण्यात आले आणि त्यात त्यांचा अंत झाला. १९६७ साली रॉबर्ट क्लार्क राज्य विधिमंडळात निवडून आले, १९८६ साली माईक एस्पी राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात. राज्याचे राजकारण मात्र आजही बरेचसे रंगाच्या रेषेवरच विभागलेले आहे. आणि कायद्यातली ती कसोटी जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. मिळालेला हक्क पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही, तो जागता ठेवावा लागतो.

१९६८ च्या अधिवेशनात हेमरबाई प्रतिनिधी म्हणून आल्या, तेव्हा सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले. १९७७ साली त्या वारल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

आपल्या घरातली गोष्ट

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, असे कळवले होते. १९१९ च्या साउथबरो समितीपासून ते मताच्या अटींवर बोलत आले आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. आपल्या घटनेच्या ३२६ व्या कलमात शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, कराच्या पावतीची नाही. मिसिसिपीचा इतिहास वाचला म्हणजे हे 'नाही' किती मोलाचे आहे ते कळते.

माझे वडील निरक्षर होते. १९५२ साली उमेदवाराच्या चिन्हाची पेटी पाहून त्यांनी तीत मतपत्रिका टाकली. कोणत्याही कारकुनाने त्यांना कलमाचा अर्थ विचारला नाही. हे मी सांगितल्यावर नात बराच वेळ गप्प होती. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आजोबा, आता कुठलाही निकाल पाहिला की आधी यादीत किती जण होते ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी तिने मतदार नोंदणीचा नमुना ६ आणला. अठरा पूर्ण व्हायला अजून थोडे महिने आहेत, पण तिला दम कुठला! भरता भरता हसून म्हणाली, "नाव पेपरात छापत नाहीत ना?"

मी म्हणालो, "नाही बाळ, यादी केंद्रावर लावतात. तिथं आपण स्वतः जायचं आणि आपलं नाव आपल्या डोळ्यांनी पाहून यायचं. शेजाऱ्याचंही पाहायचं."